खेळणी उचलणारी विजेती

एकदा रशियातल्या एका नदीकाठच्या शहरात, एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, एक बातमी अर्धीच जन्माला आली. झीनामावशी बटाट्यांची पिशवी सावरत तळमजल्यावर पोहोचली, तेव्हा लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी एक म्हणत होती, "मात्वेई इग्नातिचनी उल्यानाला काढलं म्हणे. आता ती पोर खेळणी..." तेवढ्यात दार मिटलं आणि उरलेलं वाक्य वरच्या मजल्यावर निघून गेलं.

अर्धं वाक्य झीनामावशीला पचत नसे. बटाटे घेऊन जिना चढता चढता तिने ते स्वतःच पूर्ण करून टाकलं. खेळणी विकते. दुसरं काय करणार? बाजारात उभी राहत असेल बिचारी. दार उघडण्याआधी तिने हे समोरच्या अगाफ्याला सांगितलं, आणि चहा उकळेपर्यंत उल्यानाला बाजारात प्रत्यक्ष पाहणारी दोन माणसं इमारतीत तयारही झाली.

उल्याना ही झीनामावशीच्या शेजारच्या घरातली, भिंतीपलीकडची मुलगी. वय पंधरा. बर्फावरच्या स्केटिंगमध्ये ती गेल्या हिवाळ्यात आपल्या वयोगटात देशात पहिली आली होती, आणि कोपऱ्यावरच्या पाववाल्याने तिचा फोटो काचेला लावला होता. पण उन्हाळ्यात ही पोर अशी काही वाढली की तिच्या आईला सगळे झगे उसवावे लागले. उंची आली आणि उडी गेली. हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर अलगद उतरायची ती उडी, जिच्या जोरावर ती जिंकत असे, आता दर वेळी बर्फावर आपटून संपत होती. महिन्याभराने राजधानीत देशाच्या संघाची निवड व्हायची होती. उडी परतली नाही, तर उल्यानाचं नाव त्या यादीत येणार नव्हतं. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, कारण भिंत पातळ होती आणि झीनामावशीचे कान चांगले होते.

मावशी चौकस होती, पण दुष्ट मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. पोरीला लाज वाटू नये म्हणून काहीतरी विकत घ्यावं आणि घरी घेऊन यावं, असा तिचा बेत होता. लोणच्याच्या बरण्यांपासून लोकरी मोज्यांपर्यंत तिने सगळा बाजार पालथा घातला. उल्याना कुठेच नव्हती. रिकाम्या हाताने परतणं बरं दिसेना, म्हणून एका म्हातारीकडून तिने दाबली की ओरडणारी एक रबरी कोंबडी घेतली आणि तरातरा क्रीडागृहाची वाट धरली. तिला काढणाऱ्या त्या म्हाताऱ्या गुरूला, मात्वेई इग्नातिचना, दोन शब्द सुनावल्याशिवाय तिला आता झोप लागणार नव्हती.

क्रीडागृहात त्या दिवशी शहराची स्पर्धा भरली होती. या खेळात एक रीत आहे. एखादीचं सादरीकरण संपलं की प्रेक्षक बर्फावर फुलं आणि कापडी खेळणी फेकतात. ती गोळा करायला स्केटिंग शिकणाऱ्या चिमुरड्या मुली सारख्या रंगाचे झगे घालून कठड्यापाशी तयार असतात. हातात टोपली नाही, काही नाही. सापडेल ते छातीशी कवटाळायचं आणि पुढची स्पर्धक येण्याआधी बर्फ मोकळा करायचा. मावशीने पाहिलं, त्या पिवळ्या झग्यांतल्या मुलींमध्ये, चिमण्यांच्या थव्यात बगळा उभा राहावा तशी, देशाची विजेती उभी होती. तिच्या मापाचा पिवळा झगा मिळाला नसावा. तिने पिवळा पडदा कमरेला गुंडाळल्यासारखं काहीतरी नेसलं होतं.

कठड्यापाशी वृद्ध गुरू बसले होते. मावशी पोहोचली तेव्हा उल्याना त्यांच्यासमोर उभी होती. तिकडे वडीलधाऱ्यांना नावापुढे वडिलांचं नाव जोडून हाक मारायची पद्धत आहे.

"मात्वेई इग्नातिच," ती खालच्या आवाजात म्हणाली, "गेल्या वर्षी मी इथेच पहिली आले होते."

"म्हणजे जागा तुझ्या ओळखीची आहे," गुरू म्हणाले. "डावी बाजू तुझी. त्या छोट्या मुलींना थंडी फार वाजते, त्यांना उगाच थांबवू नकोस."

मुलगी ओठ घट्ट मिटून निघून गेली. मावशी शेजारच्या खुर्चीवर बसायला वाकली.

"बसा, पण माझ्या टोपीवर नको," गुरू म्हणाले.

मावशीने टोपी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "मी या मुलीची शेजारीण. तुम्ही तिला काढलंत, हे खरं?"

"खरं आहे. आजच्या स्पर्धेतून मीच तिचं नाव मागे घेतलं."

"आणि वर तिला हे काम दिलंत? अहो, पोर डोळे वर करत नाही लाजेने. गर्व उतरवायचा होता तर घरी बोलावून चार शब्द सांगायचे होते. गावासमोर कशाला?"

"गर्व?" गुरूंना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तिच्या गर्वाशी मला काय करायचं आहे? तुम्ही त्या पिशवीत काय ओरडवता आहात?"

मावशी रागाने पिशवी आवळत होती आणि आतली कोंबडी दर शब्दाला साथ देत होती. पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

तेवढ्यात एका स्पर्धकाचं सादरीकरण संपलं आणि खेळण्यांचा पाऊस पडला. पिवळे झगे बर्फावर पांगले. उल्याना पहिल्यांदा कडक, ताठ, शिक्षा भोगत असल्यासारखी फिरली. पण खेळणी बर्फावर आडवी पडली होती. ताठ राहून ती हाताला लागेनात. दुसऱ्या खेपेला ती थोडी वाकली. तिसऱ्या खेपेला एका छोट्या मुलीने तिच्या पुढ्यातलं अस्वल पळवलं, तेव्हा उल्याना हसली आणि तिच्याशी शर्यत लावू लागली. मग तिला पडद्याचं भान राहिलं नाही. गुडघा खोल वाकवून ती बर्फालगत सुसाट जाई, एका हाताने ससा उचले, दुसऱ्याने फुलं, आणि सगळा पसारा छातीशी कवटाळून तशीच वळे.

मावशीला राहवलं नाही. सगळे काहीतरी फेकत होते, आणि आपल्या पोरीसाठी कुणीच काही फेकत नव्हतं, हे तिला सहन होईना. तिने पिशवीतली कोंबडी काढली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून भिरकावली.

कोंबडी बर्फावर आपटली, ओरडली, आणि घसरत भलतीकडेच निघाली. उल्याना तिच्यामागे धावली. गुडघा जवळजवळ बर्फाला टेकेल इतकी ती खाली गेली, कोंबडी उचलून बाकीच्या खेळण्यांसोबत तिने छातीशी आवळली, आणि त्याच वेगात, कुणी काही म्हणायच्या आत, ती वर उडाली. हवेत दोन गिरक्या झाल्या. ती एका पायावर उतरली. उतरताना कोंबडी ओरडली, आणि सगळं क्रीडागृह खो खो हसलं.

उल्याना हसली नाही. ती आपल्या पायाकडे पाहत उभी राहिली. मग तिने मान वर करून कठड्याकडे पाहिलं. गुरूंनी फक्त बोटाने डावीकडे खूण केली; तिथे अजून एक ससा पडला होता.

"हे काय झालं?" मावशीने हळूच विचारलं.

वृद्ध गुरूंनी टोपी नीट केली. "बाई, ही मुलगी अचानक उंच झाली. उंच माणसाला पडायला जास्त अंतर असतं, हे तिच्या शरीराला कळलं, आणि ते घाबरलं. गुडघा वाकेना, हात सावरण्यासाठी आधीच पसरू लागले. उडी गुडघ्यातून सुरू होते आणि गिरकी हात छातीशी घेतल्याने होते. मी तिला हे सांगितलं नाही असं नाही. रोज सांगितलं. पण सांगितलं की ती गुडघ्याकडे लक्ष देते, आणि गुडघ्याकडे लक्ष देणारं माणूस उडत नाही, विचार करत पडतं. म्हणून मी असं काम शोधलं, ज्यात वाकल्याशिवाय गत्यंतर नाही आणि हात पसरायला हात मोकळे नाहीत. तुम्ही म्हणता तो गर्व तिच्याजवळ राहू द्या. एवढ्या मोठ्या बर्फावर एकटीने उभं राहायला तो थोडा लागतोच. मला गुडघा हवा होता."

"मग तिला हे आधी सांगितलं का नाहीत? पोर चार दिवस रडते आहे. भिंत पातळ आहे आमची, मला सगळं ऐकू येतं."

"सांगितलं असतं तर ती खेळणी उचलताना पुन्हा गुडघ्याकडेच पाहत बसली असती," गुरू म्हणाले. "रडली, ते मात्र माझ्या खात्यावर. आज तिची माफी मागेन." मग ते मावशीकडे वळले. "कोंबडी छान होती. आणखी आहेत का?"

महिन्याभराने राजधानीतली निवड झाली. झीनामावशीच्या घरी टीव्हीसमोर निम्मी इमारत दाटीने बसली होती. उल्यानाने वेग घेतला, गुडघा खोल वाकवला, हात छातीशी आवळले. तीन गिरक्या. एका पायावर अलगद. अगाफ्याने शेजारणीचा हात इतका दाबला की ती ओरडली. मग गुण जाहीर झाले. संघात तिघींना जागा होती. उल्याना चौथी आली.

अगाफ्याने शेजारणीचा हात सोडला. ती म्हणाली, "म्हणजे काढलंच की तिला."

उल्याना परतली तेव्हा मावशी जिन्यातच तिची वाट पाहत होती. मुलीचे डोळे लाल होते, पण ती पायऱ्या दोन दोन करून चढत होती.

"काय गं, काढलं का तुला?"

"अर्धं काढलं, मावशी," उल्याना म्हणाली. "राखीव म्हणून नेतायत. तिघींपैकी कुणी आजारी पडली तरच बर्फावर. नाहीतर त्यांचं सामान सांभाळायचं."

मावशीच्या तोंडावर आलं की बिचारी, इतकं करून शेवटी सामानच उचलायचं. पण ती थांबली. पोरीचा चेहरा बिचारीचा नव्हता.

"उडी पाहिलीत ना?" उल्यानाने विचारलं.

"पाहिली. सगळ्यांनी पाहिली. अगाफ्याने एकीचा हात मोडायचा बाकी ठेवला."

उल्याना हसत घरात गेली. अगाफ्याचं दार किलकिलं झालंच होतं. "काय म्हणाली? घेतलं की काढलं?"

झीनामावशीने तिला सगळं सांगितलं. काय खरं, काय अर्धं खरं, आणि राखीव म्हणजे नेमकं काय, तेही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखादी बातमी स्वतःच्या पदरचं काही न घालता पोहोचवली. अगाफ्याला ती फारशी रंगली नाही. तिने दार लावून घेतलं.

कुणाला वाकलेलं पाहिलं की आपण लगेच त्याचा अपमान मोजू लागतो. तो उडीची तयारी करत असेल, हे आपल्या मनातही येत नाही.