हातावरचं दही

“अक्का, अजून एकभुक्तच?”

कर्नल जयसिंगांनी बूट उंबऱ्याबाहेर काढले. लहानपणी जिथं बसून अक्कांकडून स्तोत्रं पाठ केली, त्या मठाच्या ओसरीवर मांडी घातली.

“सोडू कशी? देवाजवळ बोलून बसलेय ना.”

अक्कांचा तो नेम सगळ्या खोऱ्याला ठाऊक होता. धाकटा भाऊ सरहद्दीवर निघाला, तेव्हा त्याच्या हातावर दही घालून त्या देवापुढं बोलल्या होत्या: ज्याच्या हातावर दही घालीन, तो घरी येईपर्यंत रात्रीचं जेवणार नाही. भाऊ आला. पण तोवर शेजारचा गेला होता, मग त्याचा चुलतभाऊ... काही आलेच नाहीत. अक्कांनी त्यांचीही वाट पाहणं सोडलं नाही. संध्याकाळची चूल पुन्हा पेटली नाही ती नाहीच. आणि खोऱ्यातला एकही जवान अक्कांचं दही चाटल्याशिवाय गाडीत चढेनासा झाला.

“उन्हं कलली की पलटण हलतेय,” जयसिंग म्हणाले. “पोरं शाळेच्या मैदानावर उभी आहेत. येताय ना?”

“सकाळी तुझं भाषण ऐकलं तिथं. आयाबायांसमोर चांगला ठणकावून बोललास.”

जयसिंग सुखावले. “खोटं नाही बोललो. आम्ही पूर्ण सज्ज आहोत. आज हुकूम आला तर आज. समोरच्याला जन्माची अद्दल घडेल.”

“आणि आपलं?”

“आपलं नुकसान मर्यादित राहील.”

“मर्यादित म्हणजे रे?”

“शंभरात चार-पाच गृहीत धरावेच लागतात, अक्का. मनाची तेवढी तयारी नसेल तर त्याला तयारी म्हणतच नाहीत.”

अक्का उठल्या. आतून दह्याची वाटी घेऊन आल्या, पदर खोचला.

“चल.”

“चला, गाडी उभीच आहे.”

“एवढं सांग... ते गृहीत धरलेले कोणते? त्यांना आधी रांगेतून बाजूला घे. त्यांच्या हातावर दही कशाला घालू?”

“असं कुठं माहीत असतं, अक्का.”

“माहीत नसताना तू धरलेस. मी एकही धरत नाही.”

“मठात बसून बोलणं सोपं आहे. मला लढायचंय.” जयसिंगांचा आवाज चढला.

“लढ की. शत्रू दारात आला तर मीही मुसळ घेऊन उभी राहीन. पण पोरं आधीच वजा करून निघालेल्या रांगेला मी दही घालायची नाही. जा, सांग त्यांना, अक्का येत नाही म्हणून.”

मैदानावरून बायकांचा गलबला ऐकू येत होता. हुकूम आहे म्हणून पोरं गाडीत चढतील, दह्यावाचूनही चढतील. पण कुठल्या मनानं, हे जयसिंगांना कुणी सांगायला नको होतं. ते स्वतः असेच एकदा याच ओसरीवरून हात चाटत निघाले होते.

“मग मी काय करू?”

अक्कांनी वाटी त्यांच्या हातात ठेवली.

“पलटण तुझी, दही तू घाल. एकेकाचं नाव घेऊन घाल. आणि त्यांतला शेवटचा घरी पोचेपर्यंत रात्रीचं जेवू नकोस, बाळा... एवढं माझ्यासारखं कर.”