सूर्याचा दोर आणि सावलीच्या चादरी

एका राज्यात सूर्य आपोआप उगवत नसे. त्याला ओढून काढावा लागे. शेजारच्या राज्यांतले लोक हे ऐकून हसत, पण हसणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! पूर्वेच्या डोंगरापलीकडे खोल दरी होती. रात्रभर चालून दमलेला सूर्य पहाटे तिथे येऊन बसे आणि वर घेतल्याशिवाय काही उठत नसे. डोंगरमाथ्यावर सागवानी रहाट होता, रहाटावर मनगटाएवढा दोर होता. पाळीची माणसं हाकारे घालत दोर ओढत. सूर्य माथ्यावर येई, आळस झटकी आणि पुढचा दिवस आपल्या पायांनी चालून काढी.

उन्हानं दोर करपे, म्हणून दर वर्षी तो नवा वळावा लागे. त्यासाठी अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, घराघरांतून येई. नियम जुना होता आणि सोपा होता. ज्याच्या अंगणात जेवढं ऊन, त्याच्या घरचे तेवढे पेड. मोठ्या अंगणात खंडीभर धान्य वाळे, लहान अंगणात सूपभर सांडगे वाळत. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

हे ऊन मोजायचं काम चोखी नावाच्या साळुंकीकडे होतं. वर्षातून एकदा ती भर दुपारी नगरावरून उडे आणि ज्याचे त्याचे पेड खणखणीत आवाजात सांगे. राजवाड्यावरून मात्र ती जात नसे. राजाच्या डोक्यावरून पाखरानं उडू नये, उडाल्यास पंख छाटावेत, असा रिवाज होता. रिवाज कुणी घातला, का घातला, हे विचारायचाही रिवाज नव्हता.

याच नगरात माणिकदत्त नावाचे नगरशेठ राहत. त्यांना कनकावली नावाची एकुलती लेक. मोठी बोलघेवडी, हसरी आणि हट्टी. अंगणात न्हायलेले केस वाळवत बसणं हा तिचा आवडता उद्योग. सगळं कसं छान चाललं होतं. आणि एके दिवशी आरशात बघता बघता कनकावलीला आपल्या गालातून मागची खुंटी दिसली.

"बाबा," ती म्हणाली, "मी आरपार दिसू लागले आहे."

नगरशेठांनी पागोटं खाली ओढलं. "पित्त झालं असेल," ते म्हणाले. पण त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. कारण त्यांचा स्वतःचा डावा कान केव्हाच दिसेनासा झाला होता. पागोटं सरकलं की नुसती भिकबाळी हवेत लोंबकळताना दिसे. शेठांच्या आळीत हल्ली सगळेच मोठमोठी पागोटी घालत. रत्नपारखी तर उपरण्यानं नाक झाकूनच हिंडत.

त्याच आठवड्यात दोराचे पेड तटातट तुटू लागले. सूर्य माथ्याच्या खाली अडकला. उजाडलं ना धड, मावळलं ना धड, अशी करडी संधिवेळ नगरावर पसरली, आणि सूर्य तसूतसूनं खाली घसरू लागला.

कनकावली अंगणात गेली, तर चोखी पेरूच्या झाडावर बसलेली.

"मुली," चोखी म्हणाली, "तुझ्या अंगणात मला कधी ऊनच दिसलं नाही. नुसती गर्द सावली. मी तुझ्या घराचा एकच पेड सांगत आले. कमी पडलेले पेड लहान अंगणांवर चढत गेले, तरी दोर बारीकच होत गेला."

"काहीतरीच काय! अंगण उन्हानं भरून वाहतं आमचं!"

"मग वर बघ. डोळे किलकिले करून बघ."

कनकावलीनं पाहिलं. अंगणावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ चादर ताणलेली होती. खालून ऊन अडत नव्हतं, पण वरून पाहणाऱ्याला काळोख दिसत होता. ती चादर शेजारच्या अंगणावर गेली होती, तिथून पलीकडच्या, तिथून पुढच्या. सगळी श्रीमंत आळी एका चादरीखाली मजेत ऊन खात बसली होती.

"ही तिमिरनाथ मांत्रिकाची करणी," चोखी म्हणाली. "आज इथे खाली बसले, तेव्हा कुठे मला ती दिसली. दोराचं ऊन फुकट घेतलं की ते अंगात टिकत नाही. परत जाताना माणसालाही थोडं थोडं घेऊन जातं. तू रोज अंगणात बसलीस, म्हणून तुझं जास्त गेलं. सूर्य दरीच्या तळाला टेकला की तू संपलीस."

कनकावलीला रडू आलं. ती थोडी रडली, मग डोळे पुसले, पदर खोचला आणि मांत्रिकाच्या गुहेकडे निघाली.

तिमिरनाथ मोठा अदबशीर मांत्रिक होता. त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं तो फक्त विकत असे.

"यावं, यावं! चादर हवी?"

"नको. चादर काढायची आहे."

"अरेरे. ते गिऱ्हाईक मला आवडत नाही. पण विचारलंस, तर सांगणं भाग आहे. सगळ्या चादरी एकाच टाक्यानं शिवल्या आहेत. एकटीची निघणार नाही. तीन गोष्टी लागतील. सगळ्यांत लहान अंगणाच्या घरून खुशीनं दिलेला एक पेड. त्यात ओवायला उन्हाची सुई, ती सूर्यच देईल तर देईल. आणि त्या सुईनं पहिली गाठ शोधायची. ज्यानं ती मारली त्यानंच ती सोडवायची, चारचौघांत, आपल्या हातानं."

"पहिली गाठ कुणाची?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो," मांत्रिक म्हणाला आणि त्यानं नम्रपणे हात जोडले.

सगळ्यांत लहान अंगण धोंडाई कुंभारणीचं. एक रांजण आणि एक मांजर, एवढ्यात ते भरून जाई. धोंडाई वाख वळत बसली होती, आणि तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

"धोंडाई, मला एक पेड हवा. हे घ्या," म्हणत कनकावलीनं सोन्याची पाटली पुढे केली. धोंडाईनं खांदे उडवले आणि पेड दिला. कनकावलीच्या हातात येताच त्याचा धूर झाला.

"बघा बाई!" धोंडाई कडाडली. "नगरशेठच्या लेकीनं माझ्याकडे मागायला यावं, आणि दिलेलं जाळून टाकावं! आणि काय गं, तुझ्यातून मला माझा रांजण दिसतोय, तो का?"

मग कनकावली तिथेच ओल्या मातीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चादरीचं सांगितलं, कानाचं सांगितलं. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "आमच्या घरचा वाख इतकी वर्षं तुमच्या घरून जातो आहे. आमचे पेड कमी झाले, की तेवढे तुमच्यासारख्यांवर चढायचे. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, आणि मला फार लाज वाटते."

धोंडाईनं हातातला वाख खाली ठेवला. मांजरानंही मान वर केली. मग धोंडाईनं कपाळावर हात मारून घेतला. "म्हणून होय! आणि मी आपली म्हणत्येय, एवढ्याशा अंगणाला एवढा वाख कसा! नवऱ्याला बोलले, 'तुला मोजता येत नाही.' बिचारा!" ती खो खो हसली. हसता हसता तिनं सगळ्यांत लांब, सगळ्यांत पिळदार पेड उपसला. "घे पोरी. आजवर कुणी दारात येऊन हे कबूल केलं नव्हतं. पाटली घाल आधी हातात, मातीत पडली बघ."

या वेळी धूर झाला नाही.

कनकावली डोंगर चढली, दरीत उतरली. दुसरं कुणी असतं तर भाजून निघालं असतं, पण तिच्यातून ऊन आरपार जाई, त्यामुळे तिला फक्त जरा उकडलं. सूर्य एका कड्याला टेकून बसला होता. कमरेला चार-दोन पेडांचा दोर होता.

"सूर्यदेवा, मला उन्हाची एक सुई हवी."

"कोण बोलतंय? मला कुणी दिसत नाही."

"माणिकदत्तांची कनकावली."

"त्या अंगणात मी रोज येतो, पण तिथून मला कधी कुणी हात दिला नाही," सूर्य कुरकुरला. "वर म्हणतात काय, सूर्य जड झाला. मी होतो तेवढाच आहे. दोर बारीक झाला आहे."

"हा पेड बघा, देवा."

सूर्यानं पेड चाचपला. त्याचा चेहरा उजळला. "हा खुशीचा दिसतो. फार दिवसांनी असा हाती लागला." त्यानं दाढीतला एक किरण उपटला, पेडात ओवला आणि तिच्या हाती दिला. "लवकर कर. माझा पाय घसरतो आहे."

सुईच्या उजेडात चादरीचे टाके लखलख दिसू लागले. कनकावली पहिल्यानं गेली ती घरी.

"बाबा, चादर काढायला तयार आहात ना?"

नगरशेठांनी लेकीकडे पाहिलं. आता तिचा चेहरा जेमतेम दिसत होता. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "हवेली घे, तिजोरी घे, बाळ. मी केव्हाही काढीन. पण एकट्यानं काय होणार? मी रत्नपारख्यांचं बघून घेतली. त्यांनी आधी काढावी."

रत्नपारखी उपरण्याआडून म्हणाले, "आम्ही सरदारांचं बघून घेतली. त्यांनी आधी." सरदार म्हणाले, "आम्ही सेनापतींचं बघून." सेनापतींनी प्रधानजींकडे बोट दाखवलं. आणि प्रधानजींनी खाकरून, इकडे बघून, तिकडे बघून, फक्त भुवई वर केली. भुवई राजवाड्याच्या दिशेला होती.

"चोखी," कनकावली म्हणाली, "राजबागेत किती ऊन पडतं?"

साळुंकीनं पंख मिटले. "तिथून मी कधी उडाले नाही, मुली."

"मीच जाते मग."

पहारेकऱ्यांच्या समोरून ती आत गेली. त्यांना नुसती वाऱ्याची झुळूक जाणवली. राजबाग म्हणजे केवढी! आंब्यांच्या रांगाच रांगा, कारंजी, आणि त्या सगळ्यावर ताणलेली जुनी, जाड चादर. पहिली गाठ तिथेच होती, कदंबाच्या फांदीला मारलेली. गाठीखाली राजा सुकेतू झोपाळ्यावर बसला होता. हातात कोपरापर्यंत मखमली मोजे.

"महाराज, ही गाठ आपली?"

राजा दचकला. "कोण आहे?"

"आणखी थोड्या वेळानं कुणीच नसेन. तोवर विचारते आहे."

राजा कसानुसा झाला. "राजाच्या बागेला वाख कुणी लावायचा? दोर राजाचाच ना?"

"दोर राजाचा असेल, महाराज. ऊन सगळ्यांचं आहे. आणि आपलं बघून प्रधानजींनी घेतली, त्यांचं बघून सेनापतींनी, आणि असं होत होत शेवटचा पेड धोंडाई कुंभारणीच्या गळ्यात पडला."

राजानं मोजे आणखी वर ओढले. कबूल करावं तर लाज वाटे, करू नये तर मोज्यातला हात आठवे. तेवढ्यात डोंगराकडून धोंडा गडगडल्याचा आवाज आला. सूर्य आणखी खाली घसरला. करडा उजेड काळसर झाला, आणि कनकावलीचा नुसता आवाज उरला.

तेव्हा चोखीनं पंख पसरले. ती भिंतीवरून उडाली, कळसावरून उडाली, थेट राजाच्या डोक्यावरून उडाली. पेडाला लटकलेली उन्हाची सुई हवेत अधांतरी चमकत होती, आणि त्या उजेडात चादरीखालची सगळी बाग चोखीला पहिल्यांदाच दिसली. मग ती सगळ्या नगराला ऐकू जाईल अशी ओरडली, "राजबाग! शंभर पेड! आजवर दिले, एकही नाही!"

नगर जिथल्या तिथे थबकलं. पहारेकऱ्यानं तलवार उपसली. "महाराज, पंख छाटू?"

राजानं वर पाहिलं. चोखी त्याच्या डोक्यावरच घिरट्या घालत होती, आणि भीतीनं तिची पिसं थरथरत होती, तरी ती हटत नव्हती. राजाला एवढ्याशा पाखरापुढे आपण फारच लहान आहोत असं वाटलं.

"तलवार म्यान कर," तो म्हणाला. "आणि दरवाजे उघड. सगळ्यांना आत येऊ दे."

लोक आत आले. धोंडाई आली, शेठ आले, सरदार आले. राजानं सगळ्यांसमोर मोजे काढले. आत काहीच दिसत नव्हतं. "ही माझी करणी," राजा म्हणाला. "पहिली गाठ मी मारली." आणि त्या न दिसणाऱ्या बोटांनी, सुईच्या उजेडात, तो गाठ सोडवू लागला. गाठ जुनी होती, हट्टी होती. राजाला घाम फुटला. शेवटी ती सुटली, आणि टाके उसवत गेले, सर्र सर्र सर्र, या आळीतून त्या आळीत, आणि सगळ्या चादरी धपाधप खाली पडल्या.

"आता बघत काय बसलात?" धोंडाई ओरडली. "सूर्य चाललाय खाली! वाख काढा!"

मग काय विचारता! हवेल्यांच्या कोठारांतून वाखाचे भारे निघाले. राजानं आपले शंभर पेड खांद्यावरून वाहिले. धोंडाईनं सगळ्यांना वळायला लावलं आणि सेनापतींना, "असा नाही हो, असा पीळ द्या!" म्हणून ती चारदा रागे भरली. नवा दोर मांडीएवढा झाला. राजा, कुंभार, सरदार, तेली, सगळे एका रांगेत उभे राहिले. नगरशेठ सगळ्यांत पुढे होते. त्यांच्या मऊ तळव्यांना पहिल्याच झटक्याला फोड आले, पण त्यांनी दोर सोडला नाही. "कनके, आहेस ना?" ते दर हाकाऱ्याला विचारत. "आहे, बाबा," असा आवाज येई, दर वेळी थोडा बारीक. मग एकदा उत्तरच आलं नाही. नगरशेठांनी डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून दोर ओढला.

सूर्य माथ्यावर आला. त्यानं आळस दिला, दाढी झटकली आणि तो चालू लागला.

लोकांनी एकच जल्लोष केला. राजाचे हात परत आले, रत्नपारख्यांचं नाक परत आलं, आणि ते जरा मोठंच आहे हे सगळ्यांना आठवलं. नगरशेठांचं मात्र कशाकडे लक्ष नव्हतं. ते डोळे उघडायला धजत नव्हते. शेवटी त्यांनी खाली मान घालून, भीत भीत, एक डोळा उघडला.

त्यांच्या पायांवर एक सावली पडली होती. खोचलेल्या पदराची, मोकळ्या केसांची.

"बाबा, कान आला की तुमचा!" सावलीची धनीण हसत म्हणाली. नगरशेठांनी तिला जवळ घेतलं आणि सगळ्या नगरादेखत ते हमसून हमसून रडले.

सावलीच्या चादरी राजानं फेकल्या नाहीत. डोंगरमाथ्यावर त्यांचा मांडव घातला. दोर ओढून दमलेली माणसं तिथे पाठ टेकतात. तिमिरनाथाला आता गिऱ्हाईक नाही, म्हणून तो रहाटाला तेल घालतो, आणि नीट घालतो. पंख छाटण्याचा रिवाज त्याच दिवशी मोडला. आता भर दुपारी चोखी सगळ्यांत आधी राजवाड्यावरून जाते आणि ओरडते, "राजबाग! शंभर पेड!" राजा खिडकी उघडून म्हणतो, "ऐकलं गं बाई, ऐकलं!" आणि धोंडाईच्या अंगणावरून जाताना चोखीचा आवाज हळू होतो. "एक," ती म्हणते. धोंडाईचा तो एक पेड तयारच असतो.