पाच आकड्यांचं वळण

राजा प्रचंडरावाचा रथ शर्यतीत चौथा आला, आणि शर्यतीत रथ होते चारच! रथाचं तोंड म्हणजे नुसती उभी फळी. वारा येऊन सरळ थोबाडीत मारायचा. शेवटी सिदोजी सुताराने नजरेच्या अंदाजाने त्याला गोलाईदार तोंड करून दिलं. वारा वरून घसरायला लागला आणि रथ असा सुटला, की महाराजांचा फेटा मागेच राहिला.

महाराज खूश झाले. म्हणजे सिदोजीचं काही खरं नव्हतं.

"असेच बारा रथ हवेत! सागवाडीचे सुतार करतील. पण रथ तिकडे न्यायचा नाही, चित्र पाठवायचं नाही. शत्रू पळवेल! हे वळण तळहाताएवढ्या कागदावर आकड्यांत लिहून दे. बोटभर चुकलास तर राज्याबाहेर!"

आकडे चोरीला जात नाहीत, असं महाराजांचं ठाम मत होतं.

सिदोजी डोकं धरून बसला. दरबारचे गणिती त्र्यंबकशास्त्री मात्र सरसावले. केसाकेसाच्या अंतरावर वळणाची उंची मोजत त्यांनी आठ दिवसांत चाळीस वह्या भरल्या. अजून रथाचं नाकही आलं नव्हतं!

तेव्हा सिदोजीची मुलगी येसू पुढे झाली. "महाराज, मला पाच आकडे पुरेत."

"पाच?" शास्त्री कडाडले. "वळणावर बिंदू अनंत असतात, पोरी!"

"असतील की! तुम्ही मोजा सावकाश. मला घरी स्वयंपाक आहे."

तिने रथाचं तोंड पाच ठिकाणी मोजलं आणि कागदावर लिहिलं: 'फळीवर वीतवीतभर अंतरावर पाच खुंट्या ठोका. फळीच्या खालच्या कडेपासून उंची बोटांत: तीन, सात, नऊ, दहा, दहा. खुंट्यांना टेकवून बांबूची पातळ, एकसारखी पट्टी वाकवा. तेच वळण.'

सागवाडीहून एक सुतार बोलावला. त्याने रथ कधी पाहिला नव्हता. त्याला कागद देऊन खोलीत कोंडलं. दुपारी तो फळी कापून बाहेर आला. रथाच्या तोंडाला लावली, तर मधे नखही जाईना!

मागे सिदोजीने राज्याबाहेर जायला बांधलेलं गाठोडं सोडलं.

महाराज चक्रावले. "अगं, खुंट्या पाच! मग दोन खुंट्यांच्या मधलं वळण याला सांगितलं कुणी?"

"बांबूने, महाराज. तो लागेल तेवढाच वाकतो, उगाच जास्त नाही. म्हणून तर त्याला तुमच्या दरबारात जागा मिळत नाही!"

कमरेत वाकून उभे असलेले सगळे दरबारी झटकन ताठ झाले. ते पाहून महाराज पोट धरधरून हसले. त्यांनी अख्खी रथशाळा येसूच्या ताब्यात दिली, आणि खुंट्या ठोकायला त्र्यंबकशास्त्री!