अस्वलाच्या आईची गोष्ट

झाडंसुद्धा बोलायची, त्या काळची ही हकिगत. जंगलात दर पंधरवड्याला मोहाच्या झाडाखाली सगळे जमत. पाळीपाळीने एकाने गोष्ट निवडायची आणि म्हाताऱ्या कासवाने ती सांगायची. त्याला जंगलातल्या साऱ्या गोष्टी ठाऊक होत्या.

त्या खेपेला पाळी अस्वलाची होती. त्याने आई सांगायची ती गोष्ट निवडली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गोष्टीची गोडी अजून त्याच्या जिभेवर होती. "अशी गोष्ट जन्मात ऐकली नसेल," असं ते भेटेल त्याला सांगत सुटलं.

कासवाने गोष्ट सांगितली. एक मधमाशी वाट चुकली, फुलाफुलाला विचारत फिरली आणि दिवेलागणीला पोळ्यात परतली.

"झाली?" ससा म्हणाला.

"अस्वलदादा, डोंगर पोखरून उंदीर काढलात की!" कोल्हा हसला.

अस्वल मात्र हादरून गेलं होतं. गोष्ट त्यालाही सपक लागली होती.

"आजोबा, तुम्ही काहीतरी गाळलंत," ते म्हणालं. "आईची गोष्ट अशी नव्हती."

"एक शब्द गाळला नाही, बाळा. आई सांगायची तेव्हा तू कुठे बसायचास?"

"तिच्या पोटाशी."

मग ससा हळूच उठला आणि अस्वलाच्या केसाळ पोटाला टेकून बसला.

"आजोबा, पुन्हा सांगा," तो म्हणाला.

कासवाने सुरुवात केली. मधमाशी पहिल्या फुलापाशी पोचते न पोचते, तोच कोल्ह्याचा आवाज आला, "ए सशा, जरा सरक ना."