फाटकाबाहेरचे खूर

जनावरं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या काळची ही गोष्ट. एका रानात म्हशींनी खणलेलं तळं होतं. तळ्याचा मुखिया दरवर्षी निवडत. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एक दगड मांडत; जो हवा त्याच्या दगडापुढं ओल्या मातीत खूर उमटवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हा मान फक्त पांढऱ्या बैलांचा. पुढं कायदा झाला, की म्हशींनीही खूर उमटवावा.

निवडीच्या दिवशी चंद्री म्हैस पहाटेच आली. दगडांभोवती घातलेल्या कुंपणाच्या फाटकावर धवळ्या वळू होता. तो म्हणाला, "आधी सांग, तळ्यात लव्हाळी किती?"

चंद्रीला सांगता येईना. ती परत गेली आणि वर्षभर काडी न काडी मोजत राहिली. पुढच्या निवडीला येऊन म्हणाली, "चार हजार सातशे बारा."

"चूक."

"मग बरोबर किती, धवळूदादा?"

"विचारणं माझं काम. मोजणं नाही."

तेवढ्यात एक पांढरा गोऱ्हा तोऱ्यात आत गेला.

"त्याला नाही विचारलंत?"

"त्याच्या आज्याचा खूर इथं उमटलाय. तुझ्या आज्याचा उमटला होता का?"

"माझा आजा तेव्हा हे तळं खणत होता," चंद्री म्हणाली. धवळ्यानं फाटक लावून घेतलं. चंद्री तिथून हलली नाही.

संध्याकाळी नव्या मुखियानं दवंडी पिटवली, "यंदाही एक म्हैस फिरकली नाही. त्यांना या कामात गोडीच नाही."

दिवसभर उभं राहून चंद्रीच्या खुरांनी फाटकाबाहेर वीतभर खड्डा पडला होता. पण मोजणी कुंपणाच्या आतल्याच ठशांची होती.