सरीत पुरलेले विष

एका राज्यात मातीचा मान राजाच्या मानाहून मोठा होता. शेतातली काडीसुद्धा बांधाबाहेर टाकायची नाही, उपटलेले तण त्याच सरीत पुरायचे, अशी तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रीत चांगलीच होती. पुरलेले गवत कुजे, माती लोण्यासारखी मऊ होई आणि ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाई.

या राज्यावर कटुकेतू नावाच्या मांत्रिकाचा डोळा होता. त्याने राजा धारासेनाकडे अर्धे राज्य मागितले आणि राजाने त्याला दरबारातून हाकलून दिले. मांत्रिक कसला, नुसता खुनशी! जाता जाता त्याने शेतांवर मूठभर बी फुंकले. पांढऱ्या फुलांचे तण माजले. लोकांनी ते उपटले, रीतीप्रमाणे पुरले, आणि तिथेच घात झाला. ज्वारी बोटभर वाढे, पिवळी पडे आणि मान टाकी. खुरपणी जितकी जास्त, तितके पीक कमी. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. अखेर राज्यात बियाणे उरले ते राजवाड्यातल्या मंतरलेल्या ज्वारीचे, तेही तीन मुठी. ही ज्वारी सकाळी पेरली की दुपारी उगवत असे.

राजकन्या हेमकळा ती ज्वारी ओच्यात बांधून थेट मांत्रिकाच्या टेकडीवर गेली.

“शाप उतरव,” ती म्हणाली.

“माझे विष कुठे आहे ते ओळख,” कटुकेतू म्हणाला. “तीन मुठी, तीन वेळा. तुझ्या बापाच्या शेतात सूर्य मावळताना हिरवा कोंब दिसला, तर शाप उतरेल. नाही दिसला, तर राज्य माझे.”

“मान्य.”

हेमकळेला वाटले, विष वाऱ्यात असणार. तिने वाऱ्याला वेशीबाहेर थांबायला सांगितले. वारा थांबला. तिने पहिली मूठ पेरली. दुपारी कोंब आले, सूर्य मावळताना पिवळे पडले.

मग विष पाण्यात असणार! तिने ढगाच्या पाठीवर बसून आकाशातल्या तळ्याचे पाणी आणले आणि दुसरी मूठ शिंपली. कोंब पहिल्याहून लवकर मेले. आता मात्र तिला रडू आले. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. डोळे पुसून ती बांधावर बसली.

तिथे एक चंडोल होता. तो म्हणाला, “राजकन्ये, माझ्या चोचीतून सांडलेली ज्वारी या बांधावर डोलते आहे.”

“बांधावर ते तण नाही का?”

“आहे थोडे. पण इथे कुणी पुरत नाही.”

हेमकळा ताडकन उठली. तिने सरी उकरली. आत तणाचा काळा लगदा होता. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. कडू जहर! जिवंत तण मुळांतून थोडाच कडू रस सोडत होते. कुजले की सारा रस मातीत उतरे, आणि पाणी घातले की तो दाण्यापर्यंत पोहोचे.

ती राजाकडे धावली. “तात, कटुकेतूने मूठभरच पेरले. बाकीचे विष आपण आपल्या हातांनी पुरले. ते बांधाबाहेर नेऊ द्या.”

राजाचा चेहरा उतरला. “पूर्वजांची रीत मोडू?”

“पूर्वजांनी गवत पुरले, तात. विष नाही.”

राजाने मुकुट काढला आणि पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. ते पाहून अवघे गाव शेतात उतरले. लगदा उपसून बांधापलीकडे नेला. सऱ्यांतून पाणी खेळवून कडवटपणा धुऊन काढला. पाणी गोड लागेपर्यंत हेमकळेने कुणाला थांबू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेवटची मूठ पेरली. संध्याकाळी कटुकेतू राज्य घ्यायला आला तो मिशांवर ताव देतच.

“बघ,” हेमकळा म्हणाली.

सूर्य मावळला तरी कोंब हिरवेच होते. शाप उतरला, तो मांत्रिकावरच. ज्वारीसारखाच तो पिवळा पडून सुकला, आणि वेशीबाहेर थांबलेला वारा आत येऊन त्याची काडी उडवून घेऊन गेला.

मंतरलेली ज्वारी पाहता पाहता कणसाला आली. त्या शेताच्या दाण्यांवर पुढे सारे राज्य पेरले गेले. पण त्याआधी हेमकळेने पहिल्या कणसाचा हुरडा भाजला आणि बापाच्या तळहातावर ठेवला. पाटी वाहून त्या हाताला फोड आले होते. राजाने हुरडा तोंडात टाकला.

“गोड आहे,” तो म्हणाला, आणि साऱ्या गावासमोर ढसाढसा रडला.