वेगवतीचा बांध

पूर्वी वेगवती नदीच्या काठी कुंभवती नावाचं नगर होतं. त्या नगरात राजा नव्हताच. घरोघरची माणसं जमून आपला गणप्रमुख निवडीत आणि त्याच्या शब्दावर कारभार चाले. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या टोपल्या विणणाऱ्या एका घरात जन्म घेतला होता. त्याचं नाव वेणुक. लहानपणापासून त्याच्या तोंडून कुणी खोटा शब्द ऐकला नव्हता, म्हणून मोठा झाल्यावर नगराने त्याला शलाका वाटण्याचं काम दिलं.

शलाका म्हणजे बांबूच्या छोट्या काड्या. निवडीच्या दिवशी वेणुक सभागृहात पडद्याआड बसे. एकेका घरातलं एकेक माणूस आत येई. एकाच्या शलाकेचं टोक हळदीने पिवळं केलेलं असे, दुसऱ्याच्या शलाकेचं काजळीने काळं. "ही याची, ही त्याची. हवी ती रांजणात टाक, कुणाला सांगू नकोस," एवढं तो कानात सांगे. त्याहून एक शब्द जास्त बोलायची त्याला मुभा नव्हती, आणि स्वतःची शलाका टाकायचीही नव्हती. अधिकार मात्र एक होता, आणि तो भारी होता. काही कपट झालं असं दिसलं, तर "शलाका नीट पडल्या नाहीत" असं तो म्हणू शके. मग ती निवड रद्द होई आणि प्रमुख कोण हे जुनी घराणी ठरवीत. त्याच्या त्या वाक्याला कुणी पुरावा मागत नसे.

आता नदीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. नगराभोवती मातीचा बांध होता. भाद्रपदात वेगवती फुगली की त्या बांधाला सगळीकडचा भार पेलत नसे. कुठेतरी तो आपल्याच हाताने फोडावा लागे, म्हणजे पाणी तिकडे वळे आणि नगर वाचे. केव्हा फोडायचा ते प्रमुख सांगे. कुठे फोडायचा हे कुणी विचारतच नसे. दक्षिणेला बुरुडांची वेळूवाडी होती. फोडायचा तो तिथेच. वाडीतली माणसं पोरंबाळं आणि शेरडं घेऊन टेकाडावर बसत आणि पाणी ओसरलं की घरातला चिखल उपसत. नगरातून धान्य येई. "तुमच्यामुळे वाचलो हो!" असं धान्य आणणारा तोंड भरून म्हणे आणि पाय न मळवता परत जाई. वेणुकची बहीण केतकी याच वाडीत दिलेली होती. अशाच एका वर्षी, चिखल उपसता उपसता, तिचं तान्हं मूल तापाने गेलं होतं.

एका वर्षी उन्हाळ्यात जुना प्रमुख वारला आणि त्याच्या जागेसाठी दोघे जण उभे राहिले.

एक होता धृतिसेन. बांधावरच त्याचे केस पिकले होते. पाण्याचा रंग पाहून वरच्या डोंगरात काय चाललं आहे ते तो सांगे, आणि ते खरं निघे. "मी गोड बोलायला आलेलो नाही," तो म्हणे. "नदी काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं तुम्ही कोरड्या अंथरुणात झोपलात, ते कुणामुळे ते आठवा."

दुसरा अरिंदम. वयाने लहान, मनाने सरळ आणि डोक्याने तापट. तो वेळूवाडीच्या चिखलवाटेवर उभा राहून म्हणाला, "मला निवडा. या बांधाला पुन्हा कुदळ लागणार नाही. तो उंच करू, रुंद करू, पण कुणाच्या घरात पाणी सोडून आपण जगायचं नाही." वाडीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. इतक्या वर्षांत हे तोंडाने म्हणणारा पहिलाच माणूस त्यांनी पाहिला होता. आणि तो फसवीत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

मग काय! पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात दुसरा विषय उरला नाही.

"अहो, कालचं पोर ते. नदी कुठून येते हे तरी माहीत आहे का त्याला?"

"आणि तुमच्या म्हाताऱ्याला बांधाला दुसरी बाजू असते हे माहीत आहे का?"

सख्खे भाऊ एकमेकांच्या ताटावरून उठले. म्हाताऱ्याकडे जाणतेपण होतं पण दया नव्हती. तरुणाकडे दया होती पण जाणतेपण नव्हतं. वेणुकला हे दिसत होतं, आणि पाहून त्याचा जीव तुटत होता.

पडदा लागण्याच्या आदल्या दिवशी तो भर सभेत उभा राहिला. "उद्यापासून माझं तोंड बंद आहे, म्हणून आज बोलतो," तो म्हणाला. "कुणालाही प्रमुख करा, पण दुसऱ्याला त्याच्या शेजारी बसवा. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही, असं ठरवा."

 मग धृतिसेन म्हणाला, "मी या पोराला विचारू?" अरिंदम म्हणाला, "ज्यांनी वाडी बुडवली त्यांना मी विचारू?" दोन्हीकडची माणसं हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "वेणुका, तू आपला काड्या वाट बाबा!" सभा हसत हसतच उठली.

संध्याकाळी केतकी त्याच्याकडे आली. "दादा, उद्या एवढी माणसं तुझ्यापुढून जातील. कानात एक शब्द जास्त बोललास तर कोण ऐकणार आहे?"

"मी ऐकेन ना गं."

"माझं लेकरू गेलं दादा."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याला रडू आलं, पण तो शब्द काही त्याने दिला नाही. केतकी पाणीसुद्धा न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रांजण उपडा केला तेव्हा अरिंदमच्या पिवळ्या शलाका थोड्या जास्त निघाल्या. सभागृह अजून उघडलं नव्हतं. जुन्या घराण्यांतले दोघे मागच्या दाराने आत आले. "म्हण, नीट पडल्या नाहीत," ते हळूच म्हणाले. "हा पोरगा सगळ्यांना बुडवणार, हे तुलाही कळतं आहे. एका वाक्यात नगर वाचेल."

 ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्यालाही तीच भीती होती. पण ते वाक्य त्याने म्हटलं असतं तर नगर वाचलं असतं आणि वाडी पुन्हा बुडाली असती, आणि त्यानंतर कुठलीच शलाका कधी नीट पडली नसती. तो बाहेर आला आणि मोठ्याने म्हणाला, "शलाका नीट पडल्या आहेत. अरिंदम प्रमुख झाला." लोकांनी गुलाल उधळला. वेणुकला मात्र पायाखाली ओली माती असल्यासारखं वाटलं, आणि ते पुढे कितीतरी दिवस तसंच वाटत राहिलं.

अरिंदमने शब्द पाळला. स्वतः डोक्यावर पाटी घेऊन तो मातीच्या कामाला उतरला. बांध पुरुषभर उंच झाला आणि दिसायला मोठा देखणा झाला. धृतिसेन एकदाही तिकडे फिरकला नाही. नवी माती जुन्या मातीला धरत नाही, ती आधी तुडवून घ्यावी लागते, हे सांगायला कुणी नव्हतं आणि विचारायलाही कुणी नव्हतं.

भाद्रपद आला. नदी चढली आणि उंच बांधाआड तटून राहिली. पूर्वी नसे इतकं पाणी आता नगराच्या उशाला उभं होतं. बांधाच्या पायथ्याशी माती पाझरू लागली. आता तो आपणहून फुटला असता तर नगर आणि वाडी दोन्ही गेली असती.

वेणुक धृतिसेनाच्या घरी धावला. म्हातारा ओसरीवर सुपारी कातरीत बसला होता.

"आर्य, चला. बांध पाझरतो आहे."

"ज्यांनी निवडला त्यांनी बघावं. मला कशाला बोलावतोस?" धृतिसेन मान वर न करता म्हणाला. "तुझ्या एका शब्दाने मी प्रमुख झालो असतो. बोलला नाहीस."

"तो शब्द खोटा होता."

"मग आता खऱ्याने धर बांध."

वेणुकने त्याचे पाय धरले. "नका येऊ. निदान केव्हा फोडायचा तेवढं सांगा."

म्हाताऱ्याने एक खांड कातरून तबकात टाकलं. मग म्हणाला, "घाटावर दगडात पावलं कोरली आहेत. ती पाण्याखाली गेली की थांबायचं नाही."

"आणि दक्षिणेऐवजी उत्तरेला फोडला तर? तिकडे कुरण आहे, वस्ती नाही. चालेल?"

अडकित्ता थांबला. "चालेल," धृतिसेन म्हणाला. "नेहमीच चाललं असतं."

"मग इतकी वर्षं..."

"कुरण आमच्या जुन्या घराण्यांच्या घोड्यांचं आहे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

वेणुकला त्याचा राग यायला हवा होता, पण वेळ नव्हता. येताना त्याने घाटाकडे पाहिलं. दगडातल्या पावलांच्या टाचा पाण्याखाली गेल्या होत्या, बोटं तेवढी दिसत होती. अरिंदम बांधावर चिखलाने माखून पाट्या टाकीत होता. त्याचे हात सोलवटले होते.

"प्रमुख, उत्तरेला फोडा," वेणुक म्हणाला. "घोडे हाकून काढायला अजून वेळ आहे. वाडीही वाचेल, नगरही वाचेल."

अरिंदमच्या डोळ्यांत क्षणभर आशा आली. "उत्तरेला? हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वेणुक दुसरं नाव घेऊ शकला असता. एखाद्या कोळ्याने सांगितलं म्हटलं असतं, तर कदाचित त्याच वेळी कुदळ लागलीही असती. पण ज्याने नगरासाठी खोटं सांगितलं नाही, तो इथे काय सांगणार? "धृतिसेनांनी," तो म्हणाला.

"त्यांनी!" अरिंदमचा चेहरा कठीण झाला. "माझ्या हातून माझाच शब्द मोडून घ्यायचा आहे त्यांना. मी सगळ्यांदेखत सांगितलं आहे, कुदळ लागणार नाही. पहिल्याच वर्षी लावली, तर लोक काय म्हणतील? जा तुम्ही."

"लोक उरले तर म्हणतील ना!"

"माझा बांध टिकेल," अरिंदम म्हणाला आणि वळला. 

वेणुक एकटाच उत्तरेला गेला. आधी त्याने कुरणाचं फाटक उघडलं आणि घोडे माळाकडे हाकलले. मग कुदळ घेतली आणि बांधावर चढून खणायला लागला. पाऊस कोसळत होता. टोपल्या विणणारे हात ते, त्यांना कुदळीची सवय नव्हती. तरी चर पडला आणि पाण्याची पहिली धार कुरणाकडे निघाली.

तेवढ्यात माती घेऊन येणाऱ्या माणसांनी त्याला पाहिलं. "बांध फोडतोय! वेणुक बांध फोडतोय!" एकच ओरड झाली. त्यांत पिवळी शलाका टाकलेले होते आणि काळी टाकलेलेही होते. निवडीनंतर ती माणसं पहिल्यांदाच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावली. वेळूवाडीचेही होते. त्यांनी फावड्यांनी, दगडांनी, हाताला येईल त्याने त्याला मारलं. तो सांगत होता, पण पावसात आणि आरडाओरड्यात काही ऐकू गेलं नाही.

चर मात्र रुंदावत होता. खाली पडलेल्या वेणुकला पाठीखालची माती हलताना कळली. त्याने सारं बळ एकवटून आरोळी दिली, "अरे, पळा! इथे उभे राहू नका, माती सुटते आहे!"

एवढं मात्र त्यांना ऐकू गेलं. ती माणसं मागे पळाली आणि वाचली. वेणुकच्या पाठीत उठायचं त्राण नव्हतं. बांध फुटला आणि पाणी त्याला घेऊन कुरणात शिरलं.

नगर वाचलं. वेळूवाडीत त्या वर्षी पाण्याचा थेंब आला नाही. अरिंदमने सभेत सांगितलं, "मी कुदळ लावली नाही. शब्द पाळला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धृतिसेन म्हणाला, "मी प्रमुख असतो तर असा द्रोही बांधावर चढलाच नसता." लोकांना तेही पटलं. घाटावरच्या पावलांचं आणि कुरणाचं तो कुणाजवळच बोलला नाही. केतकीने कोरड्या घरात चूल पेटवली आणि भावाचं नाव टाकलं. बांध फोडणाऱ्याच्या नावाने तिने तिलांजलीसुद्धा दिली नाही.

पुढे उत्तरेचा बांध दगडांनी पक्का बांधून घेतला गेला, पुन्हा कुणी द्रोह करू नये म्हणून. त्यानंतरच्या पुरात कुठे फोडायचा हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांचे डोळे आपोआप दक्षिणेकडे वळले. पडद्याआड नवा माणूस बसला. एक शब्द जास्त बोलायला त्याची ना नव्हती.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवंताने, ज्या भिक्षूंना सांगितली, त्यांच्यात विहाराचा प्रमुख कोण व्हावा यावरून तट पडले होते आणि शलाका वाटणं चाललं होतं. कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा धृतिसेन म्हणजे आज तुमच्यात रुसून बसलेला वृद्ध स्थविर महातिष्य. अरिंदम म्हणजे हा तरुण सोमिल. केतकी म्हणजे भिक्षुणी कुंदा, जिचे डोळे आत्ता भरून आले आहेत. फावडी घेऊन धावलेली माणसं म्हणजे तुम्ही सारे. आणि वेणुक मीच होतो. त्या जन्मी मी सत्याचं परम व्रत म्हणजे सत्याची पारमिता पाळली, आणि शेवटच्या श्वासात करुणेची."

कुंदा भिक्षुणीने हात जोडून विचारलं, "भगवन्, मग दोन्हींतली योग्य शलाका कोणती होती?"

"तेव्हाही नगराने एवढंच विचारलं होतं," शास्ता म्हणाला.

 मग शास्ता उठून आपल्या कुटीकडे गेला. त्याची पाठ वळल्यावर महातिष्य एका खांबाकडे सरकला आणि सोमिल दुसऱ्याकडे, आणि भिक्षू पुन्हा शलाका वाटायला लागले.